‘मम्मी मेकओव्हर’चं पॅकेज घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी नाशिकला राहते, वय ३१. सात महिन्यांपूर्वी सिझेरियन झालं, मुलगी आहे, अजून अंगावर पिते. गरोदरपणात माझी शुगर वाढली होती, पण बाळंतपणानंतर ती कोणी तपासली नाही. दोन्ही गालांवर वांगाचे डाग आलेत, मान आणि काखा काळ्या पडल्यात, पोटावर जांभळट स्ट्रेच मार्क्स आहेत. वजन बरंचसं उतरलं तरी पोट पुढेच दिसतं. केस तर मुठीनं गळतायत. मे महिन्यात धाकट्या दिराचं लग्न आहे. इथल्या एका क्लिनिकनं ‘मम्मी मेकओव्हर’ नावाचं पॅकेज सांगितलंय. त्यात चेहऱ्याला लेझर, मान-काखांना पील (रसायन लावून वरची कातडी सोलणं), पोटाला फॅट फ्रीझिंग आणि मसल टोनिंगचं मशीन, केसांना पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला अंश डोक्यात टोचणं) आणि ‘ग्लो’साठी ग्लुटाथायोनची सलाईन आहे. एकूण ८५,००० रुपये. महिनाअखेरीच्या आत पूर्ण पैसे भरले तर ‘खालच्या भागाचं टाइटनिंग’ फुकट. मी १०,००० रुपये टोकन देऊन आले. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘आम्हाला चार-चार झाली, आम्ही कुठे गेलो होतो?’ नवरा म्हणतो, तुला हवं ते कर. प्रश्न क्षुल्लक वाटला तर माफ करा, पण पॅकेज घेऊ का?

उत्तर : पॅकेज घेऊ नका. उपचारच घेऊ नका असं मी म्हणत नाहीये. त्या यादीतली एखादी गोष्ट पुढेमागे मी स्वतःच तुम्हाला सुचवेन. पण तुमच्या पत्रातल्या तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकीची वेळही वेगळी आहे. एक काही महिन्यांत आपोआप आटोक्यात येईल. एकीसाठी पील नाही, रक्ताची तपासणी लागेल. पोटाची तर बहुधा चरबीची तक्रारच नाही. हे सगळं एका बिलात बांधून, लग्नाची तारीख पुढे करून विकणं हा धंदा झाला.

सासूबाईंचं आधी उरकते. त्यांच्या वेळी सव्वा महिना तेल लावणारी बाई घरी येत असेल, पोट बांधलं जात असेल, शेक-शेगडी होत असेल. म्हणजे बाळंतिणीच्या अंगाकडे रोज कोणीतरी तासभर लक्ष देत होतं. तुमच्या वाट्याला तो तास आला का, हे त्यांनाच एकदा प्रेमानं विचारा. आणि माफी कसली मागता? बरं दिसावंसं वाटायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता यादी. दोन गोष्टींवर आधी सरळ काट मारा.

पहिली ती ग्लुटाथायोनची सलाईन. रंग उजळण्यासाठी हे औषध शिरेतून द्यायला आपल्याकडे मान्यता नाही. फिलिपिन्समध्ये ही फॅशन आपल्याआधी बोकाळली होती. तिथल्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच लोकांना या इंजेक्शनांबद्दल सावध केलं होतं. अ‍ॅलर्जीच्या जोरदार प्रतिक्रियेचा धोका असतो, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाच्या दृष्टीनं ती सुरक्षित आहे असं सांगायला कोणाकडेच आधार नाही. मशीनचे उपचार निदान त्या त्या जागेपुरते असतात. सलाईन तुमच्या रक्तात जाते आणि तुमचं रक्त दूध बनवतं.

दुसरी ती फुकटची. योनिमार्ग ‘घट्ट’ करण्याच्या नावाखाली लेझर आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची जी मशीनं वापरली जातात, त्यांच्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, जुलै २०१८ मध्ये उघड इशारा दिला होता. या कामासाठी त्यांनी कुठल्याही मशीनला मान्यता दिलेली नव्हती, आणि भाजणं, व्रण, कायमचं दुखणं अशा तक्रारी त्यांच्याकडे आलेल्या होत्या. त्यातून तुमचं तर सिझेरियन! बाळंतपण कसं झालं एवढंही न विचारता ही ऑफर दिली गेली, यावरून त्या क्लिनिकचा तपास किती खोल आहे ते कळतं. संबंधाच्या वेळी कोरडेपणा किंवा दुखणं असेल तर ते बहुतेकदा दूध पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झाल्यामुळे असतं. त्याला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे साधे उपाय आहेत. शिंकताना-खोकताना लघवी निसटत असेल तर तेही लपवू नका, पुढे पोटासाठी जी फिजिओथेरपिस्ट सुचवतेय, तिलाच सांगा. सिझेरियन झालं म्हणून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नऊ महिन्यांच्या ओझ्यातून सुटत नाहीत.

मान आणि काखा. इथे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सापडलं आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय: शुगर वाढली होती, नंतर तपासली नाही. मानेची कातडी नुसती काळी आहे की जाडसर, मखमलीसारखीही लागते? बोट फिरवून बघा. घासूनही निघत नाही, जवळपास बारीक मस आलेत, असं असेल तर तो मळ नाही आणि उन्हाचा रापही नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की कातडी अशी होते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईची बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन तपासणी व्हायला हवी आणि पुढेही ठरावीक काळानं होत राहायला हवी. तुमची राहून गेली. या आठवड्यात करून घ्या. शुगर आणि वजन आटोक्यात आलं की मान पुष्कळ निवळते. ते न करता पील केलं तर महिन्या-दोन महिन्यांत मान परत होती तशी, आणि काखेसारख्या घासल्या जाणाऱ्या जागी पीलनं जळजळ झाली तर आधीपेक्षा काळी. या सगळ्या पत्रात मला तुमच्या दिसण्याची नाही, या एका तपासणीची काळजी वाटते.

आता पोट. इथे तुमचे सगळ्यात जास्त पैसे जाणार होते, म्हणून जरा सविस्तर.

पोट पुढे दिसण्याची चार कारणं असतात: कातडीखालची चरबी, आतड्यांभोवतीची आतली चरबी, सैल पडलेली कातडी, आणि पोटाच्या मधोमध असलेल्या दोन उभ्या स्नायूंमध्ये पडलेलं अंतर. शेवटचं कारण बाळंतिणींमध्ये अगदी सर्रास दिसतं आणि घरच्या घरी चाचपता येतं. उताणं झोपा, गुडघे दुमडून पावलं जमिनीवर टेकवा. एका हाताची बोटं बेंबीच्या जरा वर, आडवी ओळीत ठेवा. आता श्वास सोडत डोकं आणि खांदे किंचित उचला, जास्त नाही. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मध्ये दोन बोटांपेक्षा जास्त जागा मिळाली, बोटं आत रुतली, किंवा पोटाच्या मधोमध घराच्या आढ्यासारखा उभा उंचवटा वर आला, तर तुमचं पोट चरबीमुळे नाही, स्नायू फाकल्यामुळे पुढे येतंय. वजन उतरलं तरी पोट तसंच, या तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते.

फॅट फ्रीझिंग यावर काहीच करत नाही. ते काय करतं? कातडीखालची चरबी चिमटीत ओढून थंड करतं. चरबीच्या पेशी थंडीला कातडीपेक्षा लवकर बळी पडतात, त्या मरतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत शरीर त्यांचा निचरा करतं. अमेरिकेत २०१० मध्ये कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी याला परवानगी मिळाली. योग्य व्यक्तीत त्या जागेवरची चरबी साधारण पाचव्या हिश्शानं कमी होते. म्हणजे चिमटीत धरता येईल अशी, हट्टी, छोटी वळी असलेल्या बाईला याचा उपयोग आहे. आतली चरबी चिमटीत येत नाही, सैल कातडी यानं आवळत नाही, आणि फाकलेले स्नायू तर नाहीच नाही. बेंबीपाशी हर्निया असेल तर हा उपचार करायचाच नसतो. बाळंतपणानंतर तसा छोटा हर्निया असू शकतो, तो डॉक्टरांनी हातानं तपासून बघायला हवा. एक दुर्मीळ पण ओंगळ परिणामही माहीत असू द्या: काहींमध्ये त्या जागेची चरबी कमी होण्याऐवजी वाढते, घट्ट होते आणि शेवटी शस्त्रक्रियेनं काढावी लागते. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टानं २०२१ मध्ये आपल्यावर हेच ओढवल्याचं जाहीर केलं, तेव्हा जगाला हे कळलं. क्लिनिकमधल्या सल्लागार बाईंनी तुम्हाला हे सांगितलं होतं का?

मसल टोनिंगच्या मशीनबद्दल एकच प्रश्न: तुम्ही कॉपर-टी बसवलीय का? आपल्याकडे बाळंतपणानंतर अनेक जणी बसवून घेतात, आणि चुंबकीय स्पंदनांनी स्नायू आकसवणारं हे मशीन पोटावर वापरताना आत धातू असलेला चालत नाही. ही गोष्ट विचारल्याशिवाय जो ते मशीन पोटावर लावतो, त्याच्याकडून उठून या.

पोटासाठी खरा पत्ता फिजिओथेरपिस्टचा आहे. बाळंतपणानंतरच्या स्नायूंचं काम करणारी शोधा. नाशिक, पुण्यासारख्या शहरांत आता मिळतात, आणि ऑनलाइनही शिकवतात. ती श्वासाबरोबर पोटाचा सगळ्यात आतला स्नायू आवळायला शिकवेल, मग हळूहळू वजन वाढवेल. तोवर सिट-अप्स, क्रंचेस, नौकासन बंद. तो आढ्यासारखा उंचवटा ज्या व्यायामात दिसेल तो व्यायाम तुमच्यासाठी आजचा नाही. अंथरुणातून उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळून हाताचा आधार घेऊन उठा. दिवसात किती वेळा उठता बाळासाठी, तेवढ्या वेळा फायदा. आणि पोटपट्टी? सुरुवातीच्या आठवड्यांत टाक्यांना आणि कमरेला तिचा आधार वाटतो, तेवढाच तिचा उपयोग. तिनं चरबी वितळत नाही. करकचून बांधली तर दाब खाली जातो आणि ओटीपोटाचा तळ आणखी सैल पडू शकतो.

चेहऱ्याकडे येऊ. मेमध्ये लोक तोच बघणार.

वांग हा रंगपेशींचा चिडखोरपणा आहे. गरोदरपणातल्या हार्मोन्सनी त्या चाळवतात आणि ऊन, उष्णता, नुसता लख्ख उजेडसुद्धा त्यांना चाळवत ठेवतो. बऱ्याच जणींचा बाळंतपणानंतर वर्षभरात फिका होतो, काहींचा मात्र मुक्काम ठोकतो. अशा कातडीवर लग्नाच्या तोंडावर लेझर मारणं म्हणजे जुगार. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णात उष्णतेनं कातडी डिवचली गेली की डाग उलट गडद होतात. ‘लेझर टोनिंग’च्या पाठोपाठ बैठका झाल्या की मध्येच पांढरे ठिपकेही पडू शकतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा कठीण. लेझर वांगाच्या यादीत शेवटी येतं, पहिलं नाही.

पहिलं काय, तर सनस्क्रीन. तेही टिंटेड, म्हणजे कातडीच्या रंगाचं. त्यात आयर्न ऑक्साइड असतं आणि ते दिसणारा उजेडही अडवतं. साधं पांढरं सनस्क्रीन तेवढं अडवत नाही. एसपीएफ ३० किंवा त्याच्या वर. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या लांबीएवढी रेघ काढा, चेहरा आणि मान मिळून ती पूर्ण संपली पाहिजे. मटारच्या दाण्याएवढं लावून बायका म्हणतात की उपयोग होत नाही. सकाळी एकदा, दुपारी परत. स्कूटरवर ओढणी बांधत असलात तरी लावा.

रात्रीसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचं क्रीम दूध पाजतानाही चालतं. बाळाचा गाल जिथे टेकतो तिथे ते लागू देऊ नका. सुरुवातीला जरा चुणचुणतं, आणि फरक दिसायला तीन-चार महिने लागतात. म्हणून आजच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सुरू केलंत तर मेपर्यंत थोडा उतार पडेल. उरलेल्यासाठी मेकअप आर्टिस्टला फाउंडेशनच्या खाली पीच किंवा नारिंगी करेक्टर लावायला सांगा. त्या दिवसापुरतं ते कुठल्याही लेझरपेक्षा खात्रीचं.

मेडिकलवाल्यानं दिलेलं ‘वांगाचं क्रीम’ मात्र नको. त्यात बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन (रंग उतरवणारं औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) आणि स्टेरॉइड असं त्रिकूट असतं. आठ दिवसांत चेहरा उजळतो, बाई खूश होते, बहिणीला सुचवते. मग कातडी पातळ, लाल, केसाळ होते, आणि क्रीम सोडलं की भडका उडतो. २०१८ मध्ये सरकारनं कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी माझ्याकडे आठवड्याला असा एखादा चेहरा येतोच. बिननावाच्या डबीतलं, बिल न देता विकलेलं ‘गोरेपणाचं’ क्रीम तर हातातही धरू नका. असल्या क्रीममध्ये पारा सापडलाय आणि त्यानं मूत्रपिंडं बिघडलेली माणसंही. लिंबू चोळणं बंद. हळदीच्या दिवशी हळद लावून घ्या खुशाल, पण उटण्यानं खसाखसा घासू देऊ नका.

गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना वांगाबद्दल आधी सांगा, काही गोळ्यांनी तो भडकतो. कॉपर-टीमध्ये हार्मोन नसतं, त्यामुळे वांगासाठी ती बरी. मशीनला अडचण, गालाला सोय, असा तिचा प्रकार आहे.

केसांवर फार लिहीत नाही. गरोदरपणात गळायचे थांबलेले केस बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी, साधारण बाळ मान धरतं त्या सुमाराला, एकदम गळायला लागतात आणि वर्षाच्या आत बहुतेक जणींचे परत येतात. कपाळावरच्या रेषेत बोटभर उभे राहिलेले नवे केस दिसतायत का बघा. दिसत असतील तर पीआरपीचे पैसे वाचले, कारण ते केस पीआरपीशिवायच आले असते, श्रेय मात्र क्लिनिकनं घेतलं असतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तेवढं त्या शुगरच्या तपासणीबरोबर करून घ्या. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींची थायरॉइड ग्रंथी बिघडते. तेव्हा केस गळतात, थकवा येतो, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात ही बदलली. मनही सतत खाली गेलेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोला.

राहिले स्ट्रेच मार्क्स. हे कातडीच्या आतल्या थरातले फाटे आहेत, त्यामुळे वरून लावलेलं कुठलंही तेल ते पुसत नाही. खोबरेल असो की परदेशी बाटली, खाज थांबते, मऊ वाटतं, बस. क्लिनिकवाले सांगतात की जांभळे असतानाच उपचार करा, पांढरे झाले की अवघड. ते खरं आहे. पण जांभळ्याचे पांढरे व्हायला बरेच महिने जातात, महिनाअखेरीची घाई त्यासाठी नसते. तुम्ही अजून पाजताय, म्हणून या रेषांवर लावतात ते ट्रेटिनॉइन आत्ता नको. मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी कातडी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं लेझर) यांतलं काही दुधात उतरत नाही, पण पोटभर बधिरीचं क्रीम थापणं आणि वर आपल्या वर्णात डाग पडण्याची भीती, यामुळे मीही पाजणं थांबेपर्यंत थांबायला सांगते. नंतर करायचं ठरवलंत तर आधी पोटाच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागेवर करून दीड महिना वाट बघायची, मग पुढे जायचं. साधारण महिन्याच्या अंतरानं चार-सहा बैठका लागतात. रेषा फिक्या आणि सपाट होतात, जात नाहीत. ‘शंभर टक्के जातात’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आणि दुसरं मूल हवंय का, हे नवराबायकोनं एकदा बोलून घ्या. वर्षा-दोन वर्षांत हवं असेल तर पोटावरचा खर्च त्यानंतरच करा. पोट परत ताणलं जाणार आहे आणि वांगही परत डोकावणार आहे. तोवर नुसतं सनस्क्रीन आणि व्यायाम.

पुढे कधी लेझरला गेलात तर मशीन कोण चालवणार आणि त्यांची पदवी काय, हे आधी विचारा. एमडी किंवा डिप्लोमा असलेला त्वचारोगतज्ज्ञ असेल तर नाव आणि नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी कोणीही लावतं. पॅकेज न घेता एका बैठकीचे पैसे द्या, बिल घ्या. हे उपचार आरोग्य विम्यात बसत नाहीत, त्यामुळे नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीचा विचार करू नका.

तुमचे १०,००० रुपये. उद्याच क्लिनिकला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा: एकही उपचार घेतलेला नाही, बाळ अंगावर पीत असल्यानं वैद्यकीय सल्ल्यानुसार पॅकेज रद्द करत आहे, टोकन परत करावं. फोनवर बोलू नका, लेखी राहू द्या. पावतीचा फोटो जोडा. ते म्हणतील की पावतीवर ‘नो रिफंड’ छापलंय, किंवा त्या पैशांत फेशियल करून घ्या. छापलं म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा, तिथे मराठीतही बोलता येतं. त्यानंही हललं नाही तर नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे. बहुतेक वेळा हेल्पलाइनवरून क्लिनिकला विचारणा गेली की पैसे येतात. आले तर त्यातूनच फिजिओथेरपिस्टची फी, सनस्क्रीन आणि तपासण्या होतील.